वजनकाट्याचा सिरियल पोर्ट नेटवर्कवरून दुसऱ्या संगणकावर कसा आणावा?

गव्हाणीजवळचा

आमच्या साखर कारखान्यातील ऊस वजनकाट्याचे इंडिकेटर (वजनाचा आकडा दाखवणारा डबा) आरएस-२३२ या सिरियल जोडणीच्या तारेने काट्याच्या केबिनमधील संगणकाला जोडलेले आहे. ते न विचारता सतत वजन पाठवत राहते. वेग ९६०० बॉड, आठ डेटा बिट, पॅरिटी (चूक ओळखण्याचा जादा बिट) नाही, एक स्टॉप बिट. वजनपावतीचा प्रोग्राम व्हिज्युअल बेसिक ६ मधला असून त्याला फक्त ‘कॉम१’ समजतो, आयपी पत्ता वगैरे काही समजत नाही. ज्यांनी तो लिहिला त्यांनी हा व्यवसाय केव्हाच सोडला आणि मूळ कोड आमच्याकडे नाही.

आता व्यवस्थापनाची अशी इच्छा आहे, की केबिनपासून सुमारे चारशे मीटरवर असलेल्या शेतकी कार्यालयातील संगणकावरही तेच वजन त्याच क्षणी दिसावे आणि जमल्यास तिथूनही पावती काढता यावी. कारखान्याचे नेटवर्क दोन्ही ठिकाणी पोहोचलेले आहे. त्यासाठी तयार सिरियल डिव्हाइस सर्व्हर (सिरियल पोर्ट नेटवर्कवर देणारा डबा) घ्यावा, की एखाद्या जुन्या संगणकावर लिनक्स घालून काम भागवावे? आणि जुन्या प्रोग्रामला काहीही न कळता त्याचा कॉम पोर्ट कसा मिळवून द्यावा? गळीत हंगामापूर्वी हे बसवायचे आहे. अनुभवी सदस्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

तारजोड

या कामाचे दोन भाग आहेत आणि ते वेगवेगळे समजून घेतले तर गोंधळ होत नाही.

पहिला भाग काट्याकडचा. तिथे असे काहीतरी हवे, जे सिरियल पोर्ट उघडून धरील आणि त्यातून येणारे बाइट टीसीपी या नेटवर्क पद्धतीच्या एखाद्या पोर्टवर उपलब्ध करून देईल. मोक्साचा एनपोर्ट, लँट्रॉनिक्स, डिजी यांचे डबे हेच करतात. लिनक्सवर हेच काम ‘सेरटूनेट’ नावाचा छोटा प्रोग्राम वर्षानुवर्षे करत आला आहे. त्याच्या चौथ्या आवृत्तीपासून मांडणीची फाइल यॅमल या मजकुरी स्वरूपात लिहावी लागते, त्यामुळे जुन्या लेखांतील एका ओळीची मांडणी आता चालत नाही. नव्या मांडणीत एका बाजूला ‘कोणत्या टीसीपी पोर्टवर ऐकायचे’ आणि दुसऱ्या बाजूला ‘कोणते सिरियल उपकरण, कोणत्या वेगाने’ असे दोनच मुख्य घटक असतात. बाकी सगळे ऐच्छिक.

दुसरा भाग कार्यालयातील विंडोजकडचा. तिथे आभासी कॉम पोर्ट तयार करणारा ड्रायव्हर लागतो. डबा घेतलात तर त्याच कंपनीचा ड्रायव्हर सोबत मिळतो. सेरटूनेट वापरलेत तर एचडब्ल्यू ग्रुपचा व्हीएसपी किंवा ‘कॉमझिरोकॉम’ आणि ‘हबफोरकॉम’ ही जोडी वापरता येते. कॉमझिरोकॉम एकमेकांना जोडलेले दोन आभासी पोर्ट तयार करतो. त्यांपैकी एक आपला जुना प्रोग्राम उघडतो आणि दुसरा हबफोरकॉम नेटवर्कला जोडतो. मात्र अलीकडच्या विंडोजवर सिक्युअर बूट (सही नसलेले सॉफ्टवेअर रोखणारी सोय) चालू असेल, तर ड्रायव्हरच्या डिजिटल सहीवरून अडचण येते, हे आधीच तपासून घ्यावे.

सोळापाचशेपन्नास

तारजोड यांच्या प्रतिसादाला एक पुरवणी. व्हिज्युअल बेसिक ६ मधील एमएसकॉम हे नियंत्रण १ ते १६ याच क्रमांकांचे पोर्ट ओळखते. आभासी पोर्टाला विंडोजने कॉम२३ असा क्रमांक दिला, तर तुमचा प्रोग्राम तो उघडू शकणार नाही आणि दोष नेटवर्कचा वाटेल. डिव्हाइस मॅनेजरमध्ये पोर्टाच्या प्रगत मांडणीत जाऊन त्याला हवा तो क्रमांक द्या. कार्यालयातील संगणकावर खराखुरा कॉम१ आधीच असेल तर तो बायोसमधून बंद करा किंवा त्याचा क्रमांक बदला. म्हणजे तो क्रमांक आभासी पोर्टाला देता येईल.

दुसरे असे, की विंडोजमध्ये सिरियल पोर्ट एका वेळी एकच प्रोग्राम उघडू शकतो. केबिनमधील पावतीच्या प्रोग्रामने कॉम१ धरून ठेवला असताना त्याच संगणकावर दुसरा प्रोग्राम चालवून तो पोर्ट नेटवर्कवर देता येणार नाही. बहुतेक जण पहिल्याच दिवशी इथे अडतात.

खडूस_अण्णा

चारशे मीटरसाठी नेटवर्क कशाला? आरएस-२३२ची तार साधारण पंधरा मीटरपर्यंतच भरवशाची, हे मान्य. पण आरएस-४२२ किंवा आरएस-४८५ बाराशे मीटरपर्यंत जाते आणि ९६०० बॉड हा तर त्यांच्यासाठी किरकोळ वेग आहे. दोन्ही टोकांना एकेक परिवर्तक लावा, मध्ये पिळाची जोडतार ओढा, आणि कार्यालयातील संगणकाला खराखुरा कॉम पोर्ट द्या. ड्रायव्हर नको, आयपी पत्ता नको, कोणाचा संकेतशब्द विसरण्याची भानगड नको. आमच्या काळी सगळे कारखाने असेच चालत होते आणि साखर तेव्हाही गोडच होती.

तारजोड

अण्णा, साखरेबद्दल वाद नाही, पण दोन इमारतींमध्ये तांब्याची तार ओढण्याला माझा विरोध आहे. दोन इमारतींच्या अर्थिंगच्या पातळीत फरक असतो. आरएस-४८५चे रिसीव्हर सामाईक विद्युतदाब (दोन्ही तारांवर सारखाच येणारा दाब) उणे ७ ते अधिक १२ व्होल्ट एवढाच सहन करतात. जवळच उसाच्या कॅरिअरच्या मोठ्या मोटारी चालू-बंद होत असताना ही मर्यादा सहज ओलांडली जाते. शिवाय वळवाच्या पावसात आसपास वीज पडली, की अशा तारेच्या दोन्ही टोकांचे परिवर्तक आणि कधीकधी इंडिकेटरचा सिरियल पोर्टही जातो. तांबेच वापरायचे असेल तर दोन्हीकडे विद्युतविलग परिवर्तक आणि सर्ज संरक्षण हवेच. त्यापेक्षा इमारतींमध्ये ऑप्टिकल फायबर असेल तर तो प्रश्नच राहत नाही. मल्टिमोड फायबरवर १०० एमबीपीएसचे साधे मीडिया कन्व्हर्टर दोन किलोमीटरपर्यंत चालतात.

गव्हाणीजवळचा

सर्वांचे आभार. केबिन आणि कार्यालय यांच्यामध्ये फायबरच आहे, कॅमेऱ्यांसाठी मागेच टाकलेले. त्यामुळे अण्णांचा मार्ग चांगला असला तरी नवी चारी खणण्याची परवानगी मिळणार नाही. नेटवर्कचाच मार्ग धरावा लागेल.

सोळापाचशेपन्नास यांनी मांडलेला मुद्दा मात्र नेमका आमच्या अडचणीचा आहे. केबिनमधील प्रोग्राम चालूच राहिला पाहिजे. मग तोच प्रवाह दोघांना कसा द्यायचा?

रात्रपाळी

मी वीस-पंचवीस राउटरांचे कन्सोल पोर्ट (मांडणी करण्याचे सिरियल पोर्ट) सांभाळण्याच्या कामात आहे, म्हणून ‘दोघांना एक पोर्ट’ हा प्रश्न रोजचाच. आमच्याकडे पूर्वी सिस्कोचा २५११ हा राउटर टर्मिनल सर्व्हर म्हणून असे. त्याच्या सोळा सिरियल लाइन आणि प्रत्येकीला २००० अधिक लाइनचा क्रमांक असा टेलनेटचा (नेटवर्कवरून दूरच्या यंत्राशी बोलण्याच्या जुन्या पद्धतीचा) पोर्ट. त्यावर एकाच वेळी एकच जण बसू शकत असे आणि दुसऱ्याला ‘जोडणी नाकारली’ एवढाच संदेश मिळत असे.

सेरटूनेटमध्येही मूळ स्थितीत एकच जोडणी स्वीकारली जाते, परंतु कमाल जोडण्यांची संख्या मांडणीत वाढवता येते. तसे केल्यास उपकरणाकडून येणारे सगळे बाइट प्रत्येक जोडणीला मिळतात. म्हणजे सिरियल तार आधी छोट्या लिनक्स संगणकात न्यायची आणि केबिन व कार्यालय या दोघांनाही आभासी पोर्टाने जोडायचे. पण लक्षात घ्या, उलट दिशेने दोघांपैकी कोणीही काही पाठवले तरी ते उपकरणाला पोहोचते.

बांधावरची

मी ऊस उत्पादक शेतकरी आहे आणि माझे तांत्रिक ज्ञान बेताचे आहे. शेवटचे वाक्य वाचून मात्र दचकले. कार्यालयात बसून काट्याला काही ‘पाठवता’ येत असेल, तर काटामारीसाठी आता काट्यावर जाण्याचेही कष्ट उरणार नाहीत असे समजायचे का? वजन दुरून कोणीही पाहावे, आमची हरकत नाही, उलट स्वागतच आहे. ते दुरून बदलता मात्र येऊ नये, एवढीच आमची मागणी आहे.

सोळापाचशेपन्नास

बांधावरची यांची शंका अगदी रास्त आहे. अनेक इंडिकेटर सिरियल पोर्टवरून आज्ञाही स्वीकारतात. उदाहरणार्थ, मेटलर टोलेडोच्या एमटी-एसआयसीएस या आज्ञासंचात स्थिर वजन मागणे, काटा शून्य करणे, टेअर घेणे (रिकाम्या भांड्याचे वजन वजा करणे) अशा प्रत्येक कामाला एकदोन अक्षरांची आज्ञा आहे. तुमच्या इंडिकेटरमध्ये हे आहे की नाही, ते त्याच्या पुस्तिकेत पाहावे लागेल.

तुमचे इंडिकेटर मात्र न विचारता वजन पाठवते, म्हणजे त्याच्याकडे काहीही पाठवण्याची गरजच नाही. मग सर्वांत साधा आणि खात्रीचा उपाय तारेतच आहे. नऊ पिनांच्या जोडणीत इंडिकेटरच्या पाठवण्याच्या पिनेची तार आणि ग्राउंडची तार एवढ्या दोनच जोडा, इंडिकेटरच्या ऐकण्याच्या पिनेला काहीही जोडू नका. त्यानंतर नेटवर्कच्या पलीकडे कोणीही बसो, त्याचा एकही बाइट काट्यापर्यंत पोहोचणार नाही. सॉफ्टवेअरमधील ‘केवळ वाचन’ ही खूण कोणीही काढू शकतो. इथे मात्र बिघडवायला तारच नाही.

याच युक्तीने दोघांना प्रवाह देण्याचाही प्रश्न सुटतो. केबिनमधील सध्याची तार आहे तशी राहू द्या आणि इंडिकेटरच्या पाठवण्याच्या पिनेवरून दुसरी शाखा काढून ती लिनक्सच्या डब्याला द्या. मानकाप्रमाणे आरएस-२३२च्या ड्रायव्हरवर ३ ते ७ किलोओहमचा भार असावा. दोन रिसीव्हर समांतर जोडल्यास तो अडीच किलोओहमच्या आसपास येतो, म्हणजे किंचित बाहेर जातो. कमी अंतरावर हे बहुधा चालते, पण कायमच्या जागी सिरियल विभाजक बसवणे योग्य. आणि हे सगळे इंडिकेटरच्या बाहेर करा. वैधमापन खात्याने लावलेले सील तोडून आत हात घालू नका.

शिरोलीकर

आमच्या कोल्हापूरच्या शिरोली औद्योगिक वसाहतीत सीएनसी म्हणजे संगणकनियंत्रित यंत्रांना प्रोग्राम पाठवण्यासाठी हेच डबे वापरतात, म्हणून वेगळा अनुभव मांडतो. आमच्याकडे प्रवाह उलट दिशेने जातो. संगणक यंत्राला ओळीमागून ओळ पाठवतो आणि यंत्राची स्मृती भरत आली, की ते एक्सऑफ हे ‘थांब’ म्हणणारे अक्षर पाठवते. सरळ तार असेल तर पाठवणारा लगेच थांबतो. मध्ये नेटवर्क आले, की ते अक्षर संगणकापर्यंत पोहोचेपर्यंत वाटेतल्या डब्यात साठलेल्या ओळी यंत्राकडे जातच राहतात. मग यंत्राचा बफर ओसंडतो, यंत्र अलार्म देऊन अर्ध्या कामात थांबते आणि महागडा जॉब वाया जातो.

यावर उपाय असा, की थांबण्या-चालण्याचा व्यवहार संगणकाने नव्हे तर यंत्राजवळच्या डब्याने करावा. डब्याच्या मांडणीत एक्सऑन-एक्सऑफ चालू केले, की तो स्वतःच थांबतो आणि टीसीपी मागच्या बाजूला संगणकाला आपोआप रोखून धरते. काट्याच्या बाबतीत हे लागू नाही, पण हा धागा वाचून कोणी सीएनसीला तेच लावायला जाईल म्हणून लिहिले.

नवशिका

आरएफसी २२१७ हे नाव सगळीकडे दिसते. त्याची इथे गरज आहे का?

तारजोड

साध्या टीसीपी जोडणीतून फक्त बाइट जातात. पोर्टाचा वेग, पॅरिटी, डीटीआर आणि आरटीएस या नियंत्रणाच्या तारांची स्थिती हे त्यातून जात नाही. तुमच्या प्रोग्रामने पोर्ट उघडताना ‘२४०० बॉड’ सांगितले तरी पलीकडचा डबा त्याला बसवलेल्या वेगानेच बोलत राहील. ऑक्टोबर १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आरएफसी २२१७ या इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजाने टेलनेटमध्ये एक पुरवणी घालून या गोष्टी कळवण्याची सोय केली. सेरटूनेट ती पाळतो, पायथन भाषेतील पायसिरियल हा तयार कोडचा संच पाळतो, आणि विंडोजवरील बरेच आभासी पोर्टही पाळतात. जिथे प्रोग्राम मध्येच वेग बदलतो किंवा डीटीआर तारेने उपकरण रीसेट करतो, तिथे ते आवश्यक आहे. काट्याचा वेग कायम ९६०० असल्याने साधी जोडणी पुरेशी आहे. मात्र एका टोकाला टेलनेट आणि दुसऱ्या टोकाला साधे टीसीपी अशी मिसळ करू नका. तसे केले तर टेलनेटच्या आज्ञांचे २५५ या मूल्याचे बाइट मध्येच दिसू लागतात आणि माणूस तारा बदलत बसतो.

द्राक्षबागाईत

विषय जवळचाच आहे म्हणून इथेच विचारतो. नाशिकजवळ आमचे द्राक्षांचे शीतगृह आहे. तापमान नियंत्रक आरएस-४८५वर मॉडबस आरटीयू ही औद्योगिक उपकरणांची भाषा बोलतात. मी एक स्वस्त वायफाय परिवर्तक लावून ते नेटवर्कवर आणले, पण वाचताना अधूनमधून सीआरसी (संदेश बिनचूक आला का हे तपासणारा आकडा) चूक येते. तार तपासली, टोकाचे १२० ओहमचे रोधक तपासले, सगळे ठीक आहे. दुसरे म्हणजे हेच तापमान मला रात्री घरून पाहायचे आहे, त्यासाठी राउटरवर पोर्ट उघडला तरी बाहेरून काहीच लागत नाही.

सोळापाचशेपन्नास

आधी सीआरसीविषयी. मॉडबस आरटीयूमध्ये संदेश कुठे संपला हे सांगणारे कोणतेही अक्षर नाही, शांतता हीच त्याची खूण. दोन संदेशांमध्ये किमान साडेतीन अक्षरांइतका वेळ काहीही न पाठवणे, असा नियम आहे. ९६०० बॉडला एक अक्षर अकरा बिटांचे धरल्यास हा वेळ सुमारे ४ मिलिसेकंद येतो. मॉडबस १९७९ मध्ये मॉडिकॉनने आणला तेव्हा मध्ये फक्त तारच असे. तुमचा परिवर्तक मात्र आलेले बाइट त्याच्या सोयीने पुड्यांत बांधतो. एकच उत्तर दोन पुड्यांत तुटून गेले, की वाचणारा प्रोग्राम पहिल्या तुकड्यालाच पूर्ण संदेश समजतो आणि सीआरसी जुळत नाही. वायफायवर पुड्यांमधील अंतर सतत बदलते, म्हणून चूक ‘अधूनमधून’ येते.

परिवर्तकात ‘मॉडबस गेटवे’ अशी निवड असेल तर ती चालू करा. मग तो स्वतः जागेवरच आरटीयू बोलतो, उत्तर पूर्ण झाल्याची खात्री करतो आणि तुमच्याशी ५०२ या पोर्टवर मॉडबस टीसीपीमध्ये बोलतो, ज्यात प्रत्येक संदेशाची लांबी लिहिलेली असते. लिनक्सवर ‘एमबसडी’ हा प्रोग्राम हेच करतो.

कुलूपकिल्ली

द्राक्षबागाईत यांचा राउटरवर उघडलेला पोर्ट लागला नाही, हे त्यांचे भाग्य समजावे. कारण बहुधा असे असेल, की सेवा देणाऱ्या कंपनीने त्यांना स्वतंत्र सार्वजनिक आयपी दिलेलाच नाही. एकच पत्ता अनेक ग्राहकांत वाटण्याची सीजीनॅट ही पद्धत आपल्याकडे सर्रास आहे. राउटरचा बाहेरचा पत्ता १०० पासून सुरू होत असेल आणि दुसरा आकडा ६४ ते १२७ यांमध्ये असेल, तर तेच आहे.

पण पोर्ट लागला असता तर काय झाले असते? टेलनेट किंवा साध्या टीसीपीवर ना संकेतशब्द, ना कूटबद्धता. मॉडबसमध्येही ओळख विचारण्याची सोयच नाही. ज्याला पत्ता सापडला तो तुमच्या शीतगृहाचे तापमान वाचू शकला असता आणि बदलूही शकला असता. हे काल्पनिक नाही. २०१३ मध्ये सुरक्षा संशोधक एच. डी. मूर यांनी इंटरनेटवर उघडे पडलेले सिरियल पोर्ट सर्व्हर शोधले, तेव्हा त्यांना १,१४,०००हून अधिक पत्ते सापडले होते. २३ डिसेंबर २०१५ रोजी युक्रेनमधील वीजवितरण कंपन्यांवर हल्ला झाला. त्यात हल्लेखोरांनी उपकेंद्रांतील सिरियल-ते-इथरनेट परिवर्तकांमध्ये बिघडलेले फर्मवेअर भरून ते निकामी केले. त्यामुळे पुरवठा सुरू करण्यासाठी कर्मचाऱ्यांना उपकेंद्रांवर जाऊन हाताने स्विच चालवावे लागले. म्हणजे आपण ज्या डब्याला किरकोळ जोडणी समजतो, तोच नेमका लक्ष्य ठरला होता.

घरून पाहायचे असेल तर आतून बाहेर जाणारी जोडणी करावी. वायरगार्ड, टेलस्केल किंवा उलटा एसएसएच बोगदा या कूटबद्ध जोडण्यांपैकी काहीही चालेल. एखाद्या लिनक्स डब्यावर सेरटूनेट चालवत असाल तर त्याला फक्त ‘लोकलहोस्ट’वर, म्हणजे त्याच डब्याच्या आतून, ऐकायला सांगा आणि बाहेरचे सगळे एसएसएचमधूनच येऊ द्या. कारखान्याच्या आतसुद्धा काटा, कॅमेरे आणि कार्यालय यांची व्हीलॅन (एकाच नेटवर्कचे आभासी विभाग) वेगवेगळी असावी.

खडूस_अण्णा

म्हणजे तार ओढायची नाही, कारण वीज पडते. आणि नेटवर्क लावायचे तर युक्रेन आठवायचे. वजन चिठ्ठीवर लिहून शिपायाच्या हाती पाठवावे, सीआरसीची चूकही येणार नाही.

रात्रपाळी

अण्णा, शिपायाची पॅरिटी कोण तपासणार?

नवशिका

रास्पबेरी पाय वापरला तर चालेल का? त्यावर सिरियल पिना आहेतच, म्हणजे परिवर्तकाचे पैसेही वाचतील.

तारजोड

पाय चालेल, पण इंडिकेटरची तार थेट त्याच्या पिनांना लावू नका. त्या पिना ३.३ व्होल्टच्या आहेत आणि आरएस-२३२वर अधिक-उणे बारा व्होल्टपर्यंत दाब असू शकतो. मध्ये मॅक्स३२३२सारखी चिप हवी. शिवाय त्या पोर्टावर कन्सोल चालू असेल तर तो आधी बंद करावा लागतो.

यूएसबी परिवर्तक वापरणे सोपे, पण त्यातही निवड करा. लिनक्स त्यांना ‘टीटीवाययूएसबी शून्य’, ‘एक’ अशी नावे सापडतील त्या क्रमाने देते आणि वीज जाऊन आली, की क्रम बदलू शकतो. एफटीडीआयच्या बहुतेक परिवर्तकांना स्वतंत्र अनुक्रमांक असतो, त्यामुळे ‘बाय-आयडी’ या निर्देशिकेतील कायमचे नाव वापरता येते. स्वस्त सीएच३४० चिपमध्ये सहसा अनुक्रमांक नसतो, तिथे कोणत्या यूएसबी छिद्रात लावला यावरून येणारे ‘बाय-पाथ’ नाव वापरावे आणि छिद्रावर चिठ्ठी चिकटवावी. उबुंटू २२.०४वर सीएच३४० लावताच पोर्ट दिसेनासा झाला, तर ब्रेल वाचकांसाठीचा ‘बीआरएलटीटीवाय’ हा प्रोग्राम त्याला ब्रेल उपकरण समजून बळकावतो, हे कारण असते. गरज नसल्यास तो काढून टाकावा.

सोळापाचशेपन्नास

आता मूळ प्रश्नाकडे परत येऊ, कारण एक महत्त्वाची गोष्ट अजून कोणी लिहिलेली नाही. पोर्ट नेटवर्कवर आणणे शक्य आहे, पण त्या पोर्टावरून पावती काढणे योग्य आहे का, हा खरा प्रश्न आहे.

सिरियल तार निघाली तर वजन येणे त्याच क्षणी थांबते आणि प्रोग्रामला शांतता कळते. टीसीपी मात्र पाठवलेला बाइट सहजासहजी सोडत नाही. जोडणी मध्येच अडली तर तो बफरमध्ये राखून ठेवते आणि वाट मोकळी झाली, की क्रमाने पोहोचवते. समजा इंडिकेटर सोळा अक्षरांची ओळ सेकंदाला दहा वेळा पाठवते, म्हणजे १६० बाइट. ६४ किलोबाइटच्या बफरमध्ये असे सुमारे ४०० सेकंदांचे वजन मावते. तेवढ्या वेळात एक गाडी काट्यावरून उतरून दुसरी चढलेली असते. त्या ओळींवर वेळेचा शिक्का नसतो, त्यामुळे कार्यालयातील प्रोग्रामला आलेले वजन आत्ताचे आहे की मागच्या गाडीचे, हे कळण्याचा कोणताही मार्ग नाही.

अडथळा नसतानाही हे होऊ शकते. जुने प्रोग्राम अनेकदा टायमरवर चालतात आणि दर सेकंदाला एकच ओळ उचलतात. खऱ्या पोर्टावर उरलेल्या ओळी बफर भरला, की गळून पडत. आभासी पोर्ट मात्र त्या टीसीपीच्या मागे थोपवून धरतो आणि दाखवलेले वजन दर मिनिटाला आणखी मागे पडत जाते.

शिवाय काट्याच्या केबिनची वीज अचानक गेली, तर कार्यालयाच्या बाजूला जोडणी तुटल्याचे कळतच नाही. कीपअलाइव्ह (जोडणी जिवंत आहे का हे तपासणारे संदेश) चालू असले तरी विंडोज आणि लिनक्स दोन्हींत त्याची मूळ मुदत दोन तासांची आहे. ती एखाद्या मिनिटाच्या आत आणा. आणि सेरटूनेटमध्ये जुन्या जोडणीला हटवून नव्या जोडणीला जागा देण्याचा पर्याय आहे, तो चालू ठेवा. नाहीतर वीज आल्यावर ‘पोर्ट व्यस्त आहे’ असे उत्तर मिळत राहील.

म्हणून माझे मत असे, की वजनाची नोंद काट्याजवळच व्हावी. कार्यालयाला पोर्ट न देता वाचन द्यावे. डब्यातील एका छोट्या प्रोग्रामने ओळ वाचावी, तिला वेळ जोडावी आणि फक्त शेवटची ओळ पुढे पाठवावी. दोन सेकंदांहून जुनी ओळ असेल तर पडद्यावर आकड्याऐवजी रेघा दिसाव्यात.

रात्रपाळी

पडद्यावर पाहण्यापुरते हे मान्य. पण ज्यांच्याकडे नवा प्रोग्राम लिहिणारा कोणी नाही, त्यांना आभासी पोर्ट हाच एक मार्ग उरतो आणि हजारो ठिकाणी तो नीट चालू आहे. इंडिकेटरला सतत प्रवाहाऐवजी मागणी केल्यावर वजन देण्याच्या स्थितीत ठेवले, तर शिळ्या ओळींचा प्रश्न बराच कमी होतो. प्रत्येक उत्तर प्रश्नानंतरच येणार.

सोळापाचशेपन्नास

बरोबर, पण मग इंडिकेटरकडे जाणारी तार पुन्हा जोडावी लागेल, आणि बांधावरची यांचा आक्षेप परत उभा राहील. शिवाय कोड नसलेल्या प्रोग्रामला मागणी करायला शिकवणार कोण?

बांधावरची

आक्षेप उभाच आहे. तार जोडू नये.

गव्हाणीजवळचा

धाग्यातील चर्चा छापून वरिष्ठांपुढे ठेवली. जुन्या गाडीचे वजन नव्या पावतीवर येऊ शकते हा मुद्दा वाचल्यावर कार्यालयातून पावती काढण्याचा आग्रह त्यांनी स्वतःहून सोडला. ठरले ते असे. केबिनमधील संगणक आणि त्याचा कॉम१ यांना हात लावायचा नाही. इंडिकेटरच्या बाहेर विभाजक बसवून दुसऱ्या शाखेच्या दोनच तारा लिनक्सच्या डब्यात जातील. डबा वेळेसह शेवटचे वजन एका साध्या वेबपानावर दाखवील आणि ते पान शेतकी कार्यालयात तसेच शेतकऱ्यांच्या प्रतीक्षागृहातील पडद्यावर दिसेल. कार्यालयाला पावतीची दुसरी प्रत हवी असल्यास ती केबिनमधील नोंदींतून छापली जाईल.

एकच शंका उरली आहे. इंडिकेटरची ओळ कुठे सुरू होते हे डब्यातील प्रोग्रामने कसे ओळखावे? मध्येच वाचायला सुरुवात केली तर अर्धे वजन येईल.

तारजोड

अनेक इंडिकेटर ओळीच्या सुरुवातीला एसटीएक्स म्हणजे २ या मूल्याचा बाइट पाठवतात आणि शेवटी कॅरेज रिटर्न. डब्यावर काही मिनिटांचा कच्चा प्रवाह षोडशमान (हेक्स) स्वरूपात फाइलमध्ये साठवून पाहा. काटा रिकामा असताना, गाडी चढताना आणि गाडी स्थिर असताना असे तिन्ही वेळचे नमुने घ्या. चढताना आणि स्थिर असताना एखादे अक्षर बदललेले दिसले तर तीच बहुधा स्थिरतेची खूण असते. पुस्तिकेशी ताडून पाहा आणि ती नसलेली ओळ पडद्यावर वेगळ्या रंगात दाखवा. पहिल्या सुरुवातीच्या खुणेपर्यंत आलेले सगळे फेकून द्यावे, आणि लांबी न जुळणारी ओळही फेकावी. सेकंदाच्या दहाव्या हिश्शात पुढची येतेच आहे.

बांधावरची

प्रतीक्षागृहातील पडद्यावर वजनासोबत गाडीचा क्रमांकही दिसेल का?

गव्हाणीजवळचा

गाडीचा क्रमांक इंडिकेटरला माहीत नसतो, तो केबिनमधील प्रोग्राममध्ये भरला जातो. त्यामुळे या हंगामात पडद्यावर फक्त वजन आणि वेळ दिसेल. क्रमांकासाठी नोंदींची फाइल वाचावी लागेल. केबिनचे काम न अडवता ती वाचता येते का, हे पाहून इथेच कळवतो.